जुन्या मोटारसायकलचं पेट्रोल रस्त्यात संपलं तर: कॉक, रिझर्व्ह आणि अर्धा लिटरचं गणित

आमच्या घरच्या सीडी-१०० ने मला दोनदा भर रस्त्यात उभं केलं. दोन्ही वेळा मी पेट्रोल संपलं असं समजून गाडी ढकलायला लागलो. पहिल्यांदा ते खरंच संपलं होतं, कारण कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा नळ, आठवडाभर रिझर्व्हवरच राहिला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या वेळी दीड किलोमीटर ढकलल्यावर एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी गाडी डाव्या अंगाला चांगली आडवी केली, पुन्हा सरळ केली आणि दुसऱ्या किकला चालू करून दिली. पेट्रोल टाकीतच होतं, फक्त पलीकडच्या कप्प्यात.

हा लेख कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेल्या, गाड्यांसाठी आहे. सीडी-१००, स्प्लेंडर, आरएक्स-१००, राजदूत, येझदी, जुनी बुलेट, म्हणजे ज्यांच्या टाकीखाली हाताने फिरवायचा कॉक आहे अशा सगळ्या. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांत पंप टाकीत असतो, कॉक नसतो आणि पुढचे बरेचसे उपाय तिथे लागू पडत नाहीत.

आधी टाकीच्या आत काय आहे ते बघू

रिझर्व्ह म्हणजे वेगळी छोटी टाकी, असं अजूनही अनेकांना वाटतं. तसं काही नसतं. टाकी एकच. कॉकच्या वरच्या टोकाला टाकीच्या आत एक बारीक नळी उभी असते. कॉक ऑनवर असला की पेट्रोल त्या नळीच्या वरच्या तोंडातून येतं. पातळी त्या तोंडाखाली गेली की पुरवठा थांबतो. कॉक रिझर्व्हवर फिरवला की नळीच्या बुडाशी असलेलं भोक उघडतं आणि तळाचं उरलेलं पेट्रोल मिळतं. १०० सीसीच्या गाड्यांत हे उरलेलं साधारण एक ते दीड लिटर भरतं.

म्हणजे ही बारीक नळीच जुन्या गाडीचा काटा. मीटरमधला काटा असलाच तर तो बहुतेक वेळा कधीच मेलेला असतो, नाहीतर खड्ड्यागणिक नाचत असतो. गाडी ऑनवर खोकली याचा अर्थ ‘आता एवढंच शिल्लक आहे’. हा इशारा एका टाकीत एकदाच मिळतो. टाकी भरून कॉक परत ऑनवर आणला नाही, तर पुढच्या खेपेला तोही मिळत नाही. माझी पहिली फजिती नेमकी हीच.

दुसरी गोष्ट टाकीच्या आकाराची. टाकी चॅसीच्या नळीवर खोगिरासारखी बसलेली असते. मधे उंचवटा, दोन्ही बाजूंना खोल कप्पे. कॉक एकाच बाजूला असतो, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत डावीकडे. पेट्रोल मधल्या उंचवट्याच्या खाली गेलं की उजव्या कप्प्यातलं तिकडेच अडकून पडतं. काही टाक्यांना दोन्ही कप्पे जोडणारी नळी खालून दिलेली असते. अशी नळी तुमच्या टाकीला आहे का, हे एकदा वाकून बघून ठेवा.

तिसरी गोष्ट घाटात कळते. कॉक बहुधा टाकीच्या मागच्या टोकाला असतो. चढावर पेट्रोल मागे सरकतं, कॉककडे. उतारावर पुढे जातं, कॉकपासून लांब. त्यामुळे जेमतेम पेट्रोलवर घाट चढून आलेली गाडी माथ्यावरून खाली उतरताना अचानक मरते आणि माणूस गोंधळतो. आंबोलीसारख्या लांब उताराच्या घाटात हे हमखास अनुभवायला मिळतं. सपाटीवर येऊन मिनिटभर थांबलात की गाडी पुन्हा चालू होऊ शकते. पण तेवढ्यावर विसंबून पुढचा बेत आखू नका.

गाडी खोकायला लागली: पहिले दहा सेकंद

पेट्रोल संपताना गाडी एकदम बंद पडत नाही. आधी ओढ कमी होते, एक्सलेटर दिला तरी गाडी पकडत नाही, मग धक्के देत पुढे जाते, मधेच जोर येतो, पुन्हा जातो. टू-स्ट्रोक गाड्यांचा आवाज मरण्याआधी थोडा चढतोही, कारण हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं मिश्रण आत जायला लागतं. याउलट कुणी बटण दाबल्यासारखी गाडी एका क्षणात थंड पडली, तर पेट्रोलपेक्षा प्लगची कॅप, वायर किंवा इग्निशनवर संशय घ्या.

खोकली की लगेच डावा हात कॉककडे न्यायची सवय अनेकांना असते. आधी आरसा बघा. मागे ट्रक असेल तर एका हाताने हँडल धरून खाली वाकण्याची ती वेळ नव्हे. रस्त्याच्या कडेला या आणि मग कॉक फिरवा. रस्ता मोकळा असेल तर चालत्या गाडीवर फिरवता येतो. गाडी गिअरमध्येच राहू द्या. चाक फिरत असल्यामुळे इंजिनही फिरत राहतं आणि पेट्रोल पोचलं की दोन-चार सेकंदांत आपोआप पकड घेतं. तेल पेट्रोलमध्ये कालवून वापरायची टू-स्ट्रोक गाडी असेल तर मात्र वेग जास्त असताना क्लच दाबा. अशा गाडीत वंगण पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल थांबलं म्हणजे तेलही थांबलं आणि कोरडं इंजिन वेगात फिरवत राहिलात तर पिस्टन आत घट्ट अडकून बसण्याची भीती असते.

कॉकची दांडी न बघता ओळखता यायला हवी. होंडाच्या घराण्यातल्या गाड्यांत दांडी खाली म्हणजे ऑन, वर म्हणजे रिझर्व्ह, आडवी म्हणजे बंद. इतर गाड्यांत हे वेगळं असू शकतं. गाडी घरी मेन स्टँडवर लावून, डोळे मिटून दहा-बारा वेळा फिरवून बघा. हे वाचताना हसू येईल, पण पावसात रेनकोट आणि हातमोजे घालून तीच दांडी शोधायची वेळ आली की हसू जाईल.

रात्र असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. या जुन्या १०० सीसी गाड्यांचा हेडलाइट आणि मागचा लाल दिवा बॅटरीवर नव्हे, इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोवर थेट चालतो. इंजिन बंद म्हणजे दोन्ही दिवे बंद. वळणावर गाडी मेली की पाठीमागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. इंडिकेटर बॅटरीवर असतात, ते चालू ठेवा आणि गाडी डांबरावरून खाली घ्या.

रिझर्व्हवर टाकली तरी चालू होत नाही

आता घाईने ढकलू नका. मी ढकललं आणि दीड किलोमीटर फुकट गेले. आधी हे क्रमाने बघा.

१. कॉक खरोखर कुठे आहे? बंद तर नाही? सर्व्हिसिंगला टाकलेली गाडी कॉक बंद ठेवूनच हातात मिळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. कॉक बंद असला तरी गाडी चालू होते आणि एखाद-दोन किलोमीटर चालतेही, कारण कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या गाडीला एका किलोमीटरला २० मिलिलिटर पुरतं. अर्ध्या कटिंगएवढ्या पेट्रोलवर कॉलनीच्या बाहेरपर्यंत येऊन गाडी दगा देते.

२. टाकीचं झाकण उघडा. उघडताना ‘फुस्स’ असा आवाज होऊन हवा आत ओढली गेली, तर तुमचं पेट्रोल संपलेलं नाही. झाकणात हवेसाठी एक बारीक भोक असतं. चिखल, गंज किंवा धुण्याच्या साबणाने ते बुजलं की पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि प्रवाह थांबतो. लक्षण ठरलेलं: दहा-पंधरा किलोमीटर नीट चालते, मरते, पाच मिनिटांनी पुन्हा चालू होते. तात्पुरता इलाज म्हणून झाकण जरा सैल ठेवून घरी या आणि मग पिनेने भोक साफ करा.

३. गाडी दोन्ही हातांनी हलवा आणि कान टाकीला लावा. खळखळ ऐकू येते. मोबाइलचा टॉर्च बाहेर जरा लांब धरून आत डोकवा. लायटर, काडेपेटी, तोंडातली बिडी यांचं काय करायचं हे सांगायची गरज नसावी, पण मी एकाला लायटर पेटवून टाकीत बघताना पाहिलं आहे.

४. आत थोडंसं दिसतंय पण इंजिनापर्यंत येत नाही? मग म्हाताऱ्या मेस्त्रींचा उपाय. कॉक बंद करा, झाकण घट्ट लावा, कॉक ज्या बाजूला आहे त्या बाजूला गाडी चांगली झुकवा, इतकी की उजव्या कप्प्यातलं पेट्रोल मधला उंचवटा ओलांडून अलीकडे येईल. पाच-सात सेकंद पुरे. सरळ करा, कॉक रिझर्व्हवर फिरवा, अर्धा मिनिट थांबा, किक मारा. डावीकडे झुकवण्याचा एक फायदा असा की तापलेला सायलेन्सर बहुधा उजवीकडे असतो, तो वर राहतो. तरी झाकणातून किंवा कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल टपकत असेल तर ते वाळेपर्यंत किक मारू नका. एकट्याने बुलेट झुकवायला जाऊ नका, ती परत उभी होत नाही.

या उपायाने पाव ते अर्धा लिटर मिळालं तरी खूप. १२ ते २५ किलोमीटरची सोय झाली. आता टॉप गिअर, ४० च्या आसपास वेग आणि एकसारखा एक्सलेटर. पेट्रोल अगदी शेवटाला येऊन गाडी पुन्हा खोकली तर चोक अर्धा ओढून बघा. हवा कमी झाल्याने उरलेल्या थेंबांवरही ती आणखी काही अंतर रखडत जाते.

पेट्रोल मिळवायचं कुठून

टाकी खरोखर कोरडी असेल तर तीन वाटा आहेत: पंपावरून डब्यात आणणं, दुसऱ्याच्या गाडीतून घेणं, किंवा रस्त्याकडेच्या टपरीवर बाटलीतलं विकत घेणं. मी याच क्रमाने जाईन, आणि तिसऱ्या वाटेला शक्यतो जाणारच नाही.

पंपावर रिकामी पाण्याची बाटली घेऊन गेलात तर बहुतेक ठिकाणी नकार मिळतो आणि वाद घालण्यात अर्थ नसतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात परवान्याशिवाय जवळ बाळगायचं पेट्रोल काच, चिनीमाती किंवा धातूच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवायला सांगितलं आहे. काच किंवा चिनीमातीचं भांडं एक लिटरपर्यंतचं, धातूचं २५ लिटरपर्यंतचं. पातळ प्लास्टिकच्या बाटलीचा त्यात उल्लेखही नाही. पेट्रोलने ती बाटली मऊ पडते, झाकणातून वाफ सुटते आणि उन्हात ती फुगते. त्यामुळे लांबच्या प्रवासाला निघताना घट्ट झाकणाचा एक लिटरचा धातूचा डबा डिकीत ठेवलेला बरा, तोही रिकामा. भरलेला डबा घेऊन हिंडणं म्हणजे नवीन संकट. पंपावर डबा भरताना तो गाडीवर टांगलेला नको. जमिनीवर ठेवून, नोझल डब्याच्या तोंडाला टेकवून भरा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो. आणि गाडी लांब उभी आहे, ढकलत आणता येत नाही, हे पंपावरच्या माणसाला नीट सांगा. धातूचा डबा बघून बरेचजण ऐकतात.

दुसऱ्याच्या गाडीतून घेताना नळी टाकीत घालून तोंडाने ओढणारे बहाद्दर गल्लोगल्ली आहेत. हे करू नका. घोटभर पेट्रोल पोटात जाण्यापेक्षा चमचाभर फुप्फुसात जाणं जास्त घातक. त्याने फुप्फुसाला अशी सूज येते की माणूस दवाखान्यात पडतो. चुकून गिळलं गेलं तर उलटी करायलाही लावू नये, कारण उलटीबरोबर ते श्वासनलिकेत जातं. थेट डॉक्टर गाठावा.

मेस्त्री लोक कसं काढतात ते बघा. समोरची गाडी कॉकवाली असेल तर तिचा कॉक बंद करायचा, कॉकपासून कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी कार्बोरेटरच्या टोकाशी पक्कडीने क्लिप सरकवून काढायची, तिचं तोंड डब्यात धरायचं आणि कॉक उघडायचा. पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं. अर्धा लिटर व्हायला काही मिनिटं लागतात, धीर धरा. झालं की कॉक बंद, नळी परत जागेवर, क्लिप नीट बसली का बघायचं. कार्बोरेटरच्या जुन्या ॲक्टिव्हासारख्या स्कूटरवर हे चालत नाही. तिचा कॉक इंजिनाच्या ओढीने उघडतो, इंजिन बंद असताना त्यातून थेंबही येत नाही.

उरली टपरीवरची बाटली. आडवाटेच्या गावांत आणि गोव्याच्या किनारपट्टीवर ती दिसते. गोव्यात भाड्याची गाडी बहुधा कोरड्या टाकीनेच हातात पडते, त्यामुळे तिथे गिऱ्हाइकालाही तोटा नाही. ही विक्री बेकायदा आहे आणि आत काय मिसळलं आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक असेलच असं नाही. अगदीच नाइलाज असेल तर स्वच्छ पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. पेट्रोल दोन-तीन मिनिटांत उडून जातं आणि डाग राहत नाही. तेलकट वलय राहिलं तर त्यात रॉकेल किंवा डिझेल आहे. पंपावर शंका आली तरी हीच चाचणी मागता येते, फिल्टर पेपर ठेवणं पंपावाल्याला बंधनकारक आहे. आणि ‘थोडं डिझेल टाकून घरापर्यंत जाईल’ असं कुणी म्हणालं तर त्याला नमस्कार करून पुढे चला. त्याने फक्त प्लग काळा होतो, घर काही जवळ येत नाही.

राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, गस्तीची गाडी किंवा क्रेन मागवता येते. रात्री निर्जन जागी असाल, सोबत बायकामुलं असतील, तर संकोच न करता ११२ लावा.

मागून दुसऱ्या मोटारसायकलवाल्याने पाय लावून ढकलत नेणं हा आपल्याकडचा लोकप्रिय प्रकार. गल्लीत, दोनशे मीटर, दोघंही सरावलेले असतील तर समजू शकतो. महामार्गावर नको. पुढच्याने ब्रेक लावला की मागच्याचा पाय चाकात किंवा सायलेन्सरवर जातो. दोरीने ओढणं त्याहून वाईट, कारण हँडलला बांधलेली दोरी ताणली की हँडल वळतं.

ओतायचं कसं: अर्धा लिटरचा घोळ

हा भाग नीट वाचा, कारण पेट्रोल मिळाल्यावरही माणसं इथे फसतात.

रिझर्व्ह एक-दीड लिटरचं आहे. तुम्ही आणलं अर्धा लिटर. ते ओतून कॉक हौसेने ऑनवर फिरवलात तर गाडी चालू होणारच नाही, कारण पातळी अजून उभ्या नळीच्या तोंडाखाली आहे. अर्धा लिटरच ओतलं असेल तर कॉक रिझर्व्हवरच ठेवायचा.

शिवाय ते अर्धा लिटरही दोन कप्प्यांत विभागतं. म्हणून ओतताना गाडी साइड स्टँडवर ठेवा, मेन स्टँडवर नको. साइड स्टँडवर ती डावीकडे कलते आणि बहुतेक पेट्रोल कॉकच्या बाजूला उतरतं. फनेल नसेल तर दुसऱ्या कोरड्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा लावा. वर्तमानपत्राची सुरळीही चालते, पण तिचे धागे आत पडतात. पाऊस असेल तर कुणाला तरी छत्री धरायला लावा.

राजदूत, येझदी किंवा तेल कालवायची दुसरी कोणतीही टू-स्ट्रोक असेल तर आधी डब्यातच टू-टी तेल घाला, झाकण लावून हलवा, मग टाकीत ओता. थेट टाकीत तेल ओतलं तर ते जड असल्यामुळे तळाशी कॉकवर जाऊन बसतं आणि कार्बोरेटरला पहिला घोट निव्वळ तेलाचा मिळतो. प्रमाण गाडीच्या पुस्तकात असतं. ते हाताशी नसेल तर रोज जेवढं घालता त्याच हिशोबाने घाला. आरएक्स-१०० ला वेगळी तेलाची टाकी आणि पंप असतो, तिथे हे करायचं नाही.

ओतून झालं की लगेच किकवर नाचू नका. वाटी आणि नळी दोन्ही रिकाम्या आहेत. कॉक रिझर्व्हवर ठेवून मिनिटभर थांबा. मग चावी बंद ठेवून चार-पाच सावकाश किक मारा. इंजिन गार झालं असेल तर चोक ओढा, गरम असेल तर ओढू नका. आता चावी चालू करून मारा.

तरी नाही? कार्बोरेटरच्या वाटीखाली एक छोटा स्क्रू असतो. खाली फडकं किंवा बाटली धरून तो अर्धा-एक फेरा सैल करा. पेट्रोल आलं तर पुरवठा ठीक आहे, प्लग बघा. इतक्या किका मारून तो ओला झाला असेल. काहीच आलं नाही तर नळीत हवा अडकली आहे किंवा जाळी तुंबली आहे. नळी कार्बोरेटरकडून काढून तिचं तोंड खाली धरा, दोन-चार थेंब येऊन धार लागली की परत लावा. मधे पारदर्शक फिल्टर बसवलेला असेल तर हवेचा बुडबुडा बहुधा त्यातच दिसतो, टिचकी मारली की निघतो.

कोरड्या टाकीनंतरचं काम

गाडी चालू झाली की विषय संपला असं आपण धरतो. पण रिझर्व्हचं पेट्रोल तळाचं असतं आणि टाकीतला सगळा गाळ, गंजाची पूड आणि पाणीही तळालाच असतं. वर्षानुवर्षं रिझर्व्हवर न गेलेली गाडी एकदा गेली की दोन दिवसांनी ‘मिसिंग’ मारायला, म्हणजे मधेमधे अडखळायला लागते, ती यामुळे.

त्या आठवड्यात एवढं करून घ्या. कॉकखाली छोटी वाटी असेल तर कॉक बंद करून ती उघडा, जाळी धुवा, आतली रबरी रिंग नीट बसवा. रिंग चिरली असेल तर नवी टाका, नाहीतर पेट्रोल टपकत राहील. कार्बोरेटरची वाटी त्या स्क्रूने एकदा काचेच्या भांड्यात रिकामी करा. तळाशी वेगळे गोळे दिसले तर ते पाणी. लालसर पूड दिसली तर टाकी आतून गंजली आहे. कोकणात पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवतात ती म्हणूनच. रिकाम्या टाकीत दमट हवा राहते आणि पत्रा आतून खाते.

आता पंपांवर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या गाड्यांच्या दृष्टीने त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. इथेनॉल पाणी शोषतं आणि जास्त पाणी शोषलं की पाण्यासकट वेगळं होऊन तळाशी, म्हणजे रिझर्व्हच्या भोकाशी, जाऊन बसतं. आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नळी कडक झाली, चिरा पडल्या, कॉकची दांडी घट्ट फिरायला लागली, तर दोन्ही बदलायची वेळ झाली आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे वडिलांच्या काळातला ‘रिझर्व्हवर साठ जाते’ हा हिशोब आज तसाच धरू नका.

रिझर्व्ह मोजून ठेवा

रविवारची सकाळ पुरते. उघड्यावर, सावलीत, गॅस किंवा देवघरापासून लांब.

ऑनवर गाडी खोकेपर्यंत चालवा, घराजवळच. खोकली की इंजिन बंद, कॉक बंद. गाडी सरळ उभी करा. कार्बोरेटरकडची नळी काढून मापाच्या भांड्यात धरा. प्लास्टिकचा मग नको, स्टीलचं लिटरचं माप चालेल. आधी कॉक ऑनवर फिरवा. काही थेंबांनंतर धार थांबायला हवी. मग रिझर्व्हवर फिरवा. तरीही जवळपास काहीच आलं नाही आणि टाकी कोरडीच निघाली, तर आतली उभी नळी तुटलेली किंवा गंजून गळून पडलेली आहे. अशा गाडीला रिझर्व्ह नावाची गोष्टच उरलेली नसते. ऑनवरच सगळं संपतं आणि इशारा मिळत नाही. जुन्या गाड्यांत हा दोष बराच आढळतो आणि मालकाला वर्षानुवर्षं कळत नाही. कॉक बदलणं हाच त्यावर इलाज.

रिझर्व्हवर धार आली तर जेवढं निघेल ते मोजा. तेच तुमचं खरं, वापरता येणारं रिझर्व्ह. कंपनीच्या पुस्तकातला आकडा याच्याशी जुळलाच पाहिजे असं नाही. समजा १.१ लिटर निघालं आणि गाडी गावातल्या रस्त्यांवर ४५ देते, तर हिशोबाने ४९.५ किलोमीटर. चढ, डबल सीट, डोक्यावरचा वारा धरून मी त्यातले ३५ च माझे मानतो. शेवटी मोजलेलं पेट्रोल परत ओता आणि टाकी भरून आणा.

टाकी भरताना एकच सवय लावून घ्यायची: पंपावर झाकण लावायच्या आधी डावा हात खाली जाऊन कॉक ऑनवर आला पाहिजे. पैसे देण्याआधी. पैसे दिले, सुट्ट्यांचा घोळ झाला, मागच्याने हॉर्न वाजवला की विसरलंच म्हणून समजा. मीटरचं किलोमीटर चालू असेल तर टाकी फुल करताना आकडा मोबाइलमध्ये टाका. मीटरची केबल तुटलेली असेल तर ती आधी बसवून घ्या, फार खर्चाचं काम नाही.

आमच्या सीडी-१०० च्या साइड कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने तीन ओळी लिहिल्या आहेत: रिझर्व्हचं माप, त्यावर धरायचं अंतर आणि मोजल्याची तारीख. मागच्या वर्षी कॉक बदलला तेव्हा माप ९० मिलिलिटरने घटलं. नव्या कॉकची उभी नळी जुन्यापेक्षा थोडी आखूड निघाली. जुनी ओळ खोडून खाली नवी लिहिली.